फाइल उलटी वाचा: मालमत्ता आणि कर्जाच्या वकिलीत अनुभवी होण्याची वाट

ऑक्टोबर २००८ मध्ये जनरल मोटर्सने एक जुना व्यवहार मिटवायला घेतला. काही स्थावर मालमत्तांवर उभं केलेलं सुमारे ३० कोटी डॉलरचं देणं फेडायचं होतं आणि त्याचे बोजे उतरवायचे होते. कंपनीच्या वकिलांकडे वरिष्ठाने कनिष्ठाला यादी करायला सांगितली, कनिष्ठाने सहायकाला तारणाच्या सरकारी नोंदी शोधायला सांगितल्या, आणि यादीत तीन नोंदी आल्या. दोन त्या देण्याच्याच होत्या. तिसरी मात्र त्याच बँकेच्या, जेपी मॉर्गनच्या, १५० कोटी डॉलरच्या वेगळ्याच कर्जाची होती. मसुदा बँकेच्या वकिलांकडे गेला. त्यांनी वाचला, काम छान झाल्याचं कळवलं. तिन्ही नोंदी रद्द झाल्या. सात महिन्यांनी, १ जून २००९ ला, जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली आणि १५० कोटींच्या कर्जाचं मुख्य तारण केव्हाच निघून गेल्याचं उघड झालं. आमचा तसा हेतू नव्हता, असं बँकेचं म्हणणं होतं. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने सांगितलं की कागद दाखल करायला तुम्ही संमती दिलीत, तेवढं पुरे.

या साखळीतल्या कुणालाही कायदा येत नव्हता असं नाही. तिसरी नोंद कशाची, हे कुणी विचारलं नाही, इतकंच. मालमत्ता आणि कर्जाच्या वकिलीत नवीन येणाऱ्याला मी हा किस्सा पहिल्याच दिवशी सांगतो. या क्षेत्रात युक्तिवादाची चमक क्वचित लागते. लागते ती फाइल उलटी वाचण्याची सवय. कर्ज बुडालं आहे, कर्जदार फोन उचलत नाही आणि समोरचा वकील आपल्या कागदांत भोक शोधतो आहे, असा दिवस डोळ्यांसमोर आणायचा आणि तिथून मागे वाचत यायचं. पुढचं सगळं ही सवय कशी लावायची याबद्दल आहे. नुकती सनद मिळालेल्यांसाठी आहे, आणि तीन-चार वर्षं मसुदे दुरुस्त करून कंटाळलेल्यांसाठीही.

पहिली दोन-तीन वर्षं: मालकी वाचायला शिका

सुरुवातीला मोठ्या कर्जाच्या करारांमागे धावू नका. जिथे मालकीहक्काचे शोध अहवाल तयार होतात तिथे बसा. काम कंटाळवाणं आहे, पैसेही फार नाहीत, पण वीस वर्षांनंतर तुमचं मत लोक कशामुळे मानतात ते इथे ठरतं.

कोरा कागद घ्या आणि त्यावर चार रकाने आखा. तारीख, देणारा, घेणारा आणि चौथा, देणाऱ्याला हा अधिकार कुठून आला. पहिले तीन सगळेच भरतात. चौथा रकाना भरायला बसलं की फाइल बोलू लागते. मालक वारला असेल तर वारस किती, आणि सह्या किती? विकणारी कंपनी असेल तर ठराव कुणी केला, आणि त्या दिवशी ते संचालक पदावर होते का? कुलमुखत्यारपत्रावर सही असेल तर ते देणारा त्या तारखेला हयात होता का? विश्वस्त संस्था असेल तर विश्वस्तांना विकण्याचा अधिकार होता का, की फक्त भाड्याने देण्याचा? अज्ञान, म्हणजे वयात न आलेल्या, मालकाच्या वतीने पालकाने विकलं असेल तर परवानगी कुठे आहे? नवखा वकील कागदावर असलेली नावं तपासतो. तुम्ही, जी नावं असायला हवी होती आणि नाहीत, ती शोधा.

किती मागे जायचं, याचा नियम देशागणिक बदलतो. इंग्लंडमध्ये नोंदणी न झालेल्या जमिनीसाठी किमान १५ वर्षं जुना, भक्कम मूळ दस्तऐवज पुरतो. भारतात बँका बहुधा ३० वर्षांचा शोध मागतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या देशातली नोंदणी नेमकी कशाची हमी देते ते समजून घेणं. काही ठिकाणी सरकारी कार्यालय फक्त दस्त सांभाळतं आणि त्यातलं खरं-खोटं तुमच्यावर सोडतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात जकात खात्यात काम केलेल्या रॉबर्ट टॉरेन्स यांनी १८५८ मध्ये वेगळी पद्धत आणली. तिच्यात सरकारी पुस्तकातली नोंद म्हणजेच मालकी. मागची साखळी उकरत बसायचं कारण उरत नाही, पण अपवादांची यादी पाठ असावी लागते. अमेरिका तिसऱ्या वाटेने गेली. १८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉटसन विरुद्ध म्यूरहेड या खटल्यात ठरवलं की वकिलाच्या मतावर विसंबून शोध घेणाऱ्याने बोजा सांगितला नाही, तरी नुकसान भरून द्यायला तो बांधील नाही. खरेदीदार उघडे पडले, आणि १८७६ मध्ये फिलाडेल्फियात मालकीहक्काचा विमा विकणारी पहिली कंपनी निघाली. तुम्ही कुठेही वकिली करा, स्वतःला विचारायचा प्रश्न तोच: पुस्तकाने, विम्याने किंवा सरकारने उचललेली जोखीम वजा केली, तर माझ्या सहीवर किती उरते?

मूळ कागद हातात घ्या. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ नुसार भारतात मूळ खरेदीखतं बँकेकडे ठेवूनही गहाण होऊ शकतं. म्हणून जिथे ही पद्धत चालते तिथे मालक नुसती झेरॉक्स पुढे करत असेल, तर मूळ कुठे आहे हा पहिला प्रश्न. ‘घर बदलताना हरवलं’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की आपोआप पेन खाली ठेवलं जातं.

आणि एकदा तरी जागेवर जा. वकिलांना हे काम आपलं वाटत नाही, मलाही वाटत नव्हतं. सुरुवातीच्या काळात एका भूखंडाचा अहवाल मी निर्धास्तपणे ‘स्वच्छ’ म्हणून दिला. नंतर सहज तिकडे जाणं झालं, तर मागच्या घराचं एकमेव दार त्या भूखंडात उघडत होतं आणि तिथून चांगली मळलेली पायवाट गेली होती. कागदावर तिचा पत्ताच नव्हता, पण वर्षानुवर्षांच्या वहिवाटीने रस्त्याचा हक्क तयार झालेला असू शकतो, आणि त्या जागी बांधायची इमारत मग नकाशातच राहते. तेव्हापासून जागेवर कोण राहतं, विजेच्या तारा कुठून येतात, सांडपाणी कुठे जातं आणि कुंपण कुणी घातलं आहे, या चार गोष्टी मी स्वतः बघतो किंवा कुणाला तरी फोटो काढून आणायला लावतो.

मग कर्जाचा करार, शेवटच्या पानापासून

कर्जाचा करार दीडशे पानांचा असू शकतो. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर व्याख्यांमध्येच दमछाक होते. आधी थकबाकीचं, म्हणजे डिफॉल्टचं कलम वाचा: कर्जदाराच्या हातून काय घडलं तर बँक सगळं कर्ज एकदम मागू शकते. त्यानंतर, तसं घडल्यावर बँक काय काय करू शकते ते. मग कर्जदाराने दिलेली वचनं. रक्कम, व्याजदर आणि मुदत सगळ्यांत शेवटी, कारण त्यावर दोन्ही बाजूंचे पैशांचे लोक आधीच भांडून झालेले असतात.

आकड्यांपासून पळू नका. ‘मला गणित जमत नाही’ असं हसत सांगणारे वकील या क्षेत्रात फार वर जात नाहीत. भाड्याने दिलेल्या इमारतीचं वर्षाचं निव्वळ उत्पन्न १२५ आणि कर्जाचे वर्षाचे हप्ते १०० असतील तर गुणोत्तर १.२५. करारात ‘१.२० च्या खाली जाणार नाही’ असं वचन आहे आणि व्याजदर बदलता आहे. दर वाढून हप्ते ११५ झाले की गुणोत्तर १.०९ वर येतं. एकही हप्ता न चुकवता कर्जदार थकबाकीदार ठरतो. खरी लढाई मात्र ‘निव्वळ’ या शब्दावर असते. रिकाम्या गाळ्यांचं न मिळालेलं भाडं, दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम, मालकाच्याच दुसऱ्या कंपनीला दिलेली व्यवस्थापनाची फी, यांतलं काय वजा करायचं? कर्जदाराचे वकील असाल तर त्या व्याख्येवर घालवलेला एक तास व्याजदरातल्या पाव टक्क्यापेक्षा मोलाचा ठरतो.

व्याख्या दिलेला प्रत्येक शब्द दिसला की त्याच्या व्याख्येवर जा, त्या व्याख्येत दुसरा शब्द असेल तर त्याच्याही. हा माग का काढायचा, ते मिशिगनच्या चेरीलँड मॉलच्या खटल्याने शिकवलं. कर्ज असं होतं की बुडालं तर बँकेने फक्त मालमत्ता घ्यायची, कर्जदाराच्या आणि हमीदाराच्या इतर मत्तेला हात लावायचा नाही. याला अपवाद असतात आणि ते साधारणपणे लबाडीसाठी ठेवलेले असतात: पैसे वळवले, परवानगीशिवाय मालमत्ता विकली, वगैरे. या करारात अपवादातून दुसऱ्या कलमाकडे बोट होतं, त्या कलमात कर्जदार कंपनीने पाळायची वचनं होती, आणि त्यांतलं एक होतं की कंपनी नेहमी देणी भागवण्याच्या स्थितीत राहील. मंदीत मॉलची किंमत कर्जाखाली गेली, तसं ते वचन आपोआप मोडलं. कुणी लबाडी केली नव्हती. तरीही डिसेंबर २०११ मध्ये मिशिगनच्या अपील न्यायालयाने शब्दांचा सरळ अर्थ लावला आणि लिलावानंतर उरलेली तूट हमीदाराच्या अंगावर आली. २०१२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाला खास कायदा करून हा अर्थ फिरवावा लागला. त्या कलमाचा मसुदा करणाऱ्यांपैकी कुणाला तरी हा परिणाम अपेक्षित होता का, याची मला शंका आहे. बहुधा जुन्या करारातून उचललेलं वाक्य असावं, आणि या क्षेत्रात सगळ्यांत जास्त घात जुन्या करारातून उचललेली वाक्यंच करतात.

हमीदाराशी बोलणं

तरुण वकिलांना हमीपत्र म्हणजे शेवटी जोडायचा छापील कागद वाटतो. अनुभवी वकील त्याच कागदाला सगळ्यांत जास्त घाबरतो.

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयापुढे एका वृद्ध स्थलांतरित जोडप्याचं प्रकरण आलं. इंग्रजी बेताचं, व्यवहाराची फारशी माहिती नाही. मुलाच्या कंपनीच्या कर्जासाठी त्यांनी आपली मालमत्ता गहाण ठेवून हमी दिली. जबाबदारी ५० हजार डॉलरपर्यंत आणि सहा महिन्यांपुरती आहे, अशी त्यांची समजूत होती. कागदावर ना रकमेची मर्यादा होती ना मुदतीची. कंपनीची अवस्था बँकेला ठाऊक होती, आईवडिलांना नव्हती. न्यायालयाने ते गहाण आणि हमी दोन्ही रद्द केलं. पुढे २००१ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने एट्रिज खटल्यात, नवऱ्याच्या धंद्यासाठी राहतं घर तारण ठेवणाऱ्या बायकांच्या संदर्भात, बँकेने आणि वकिलाने काय करायला हवं ते पायरी-पायरीने सांगितलं.

तुमच्या देशात तो निकाल लागू असो वा नसो, पद्धत उचलण्यासारखी आहे. बँकेचे वकील असाल तर हमीदाराशी थेट पत्रव्यवहार करा, कर्जदारामार्फत नको. स्वतंत्र वकील कोण हे त्यालाच सांगू द्या. कर्जाची रक्कम, जुनी थकबाकी आणि व्यवसायाची सद्यःस्थिती त्या वकिलाला लेखी द्या, आणि ‘मी समजावलं’ असं त्याचं लेखी पत्र हाती आल्याशिवाय पैसे सोडू नका. हमीदाराचे वकील असाल तर त्याला एकट्याला भेटा. नवरा, मुलगा, भाऊ बाहेर बसतील. कायद्याची भाषा बाजूला ठेवा आणि विचारा, ‘हे घर गेलं तर तुम्ही कुठे राहाल?’ या प्रश्नानंतर खोलीत जी शांतता पसरते, तिच्यात तुमचा निम्मा सल्ला देऊन झालेला असतो. भेटीची नोंद त्याच दिवशी लिहा: कोण हजर होतं, किती वेळ, काय विचारलं, काय उत्तर आलं.

व्यवहार पूर्ण होण्याचा दिवस

क्लोजिंगची यादी प्रत्येक कार्यालयात असते. कागद, तयार कोण करणार, सही कोण करणार, नोंद कुठे, मूळ प्रत कुणाकडे. त्यात आणखी एक रकाना घाला: ‘हा कागद का?’ प्रत्येक ओळीपुढे एका वाक्यात कारण. कारण लिहिता येत नसेल तर एक तर कागद अनावश्यक आहे किंवा तो तुम्हाला कळलेला नाही, आणि दोन्ही परिस्थितींत थांबायचं. तिसऱ्या नोंदीपुढे ‘का’ लिहायला कुणी बसलं असतं तर १५० कोटींचं तारण वाचलं असतं.

त्या दिवशी घाई सगळ्यांनाच असते. अशा वेळी एखादी अट ‘नंतर बघू’ म्हणून सोडली जाते. सोडायची असेल तर सोडा, व्यवहार अडवून ठेवणं ही काही वकिली नव्हे. पण अट माफ केली की पुढे ढकलली, हे लेखी असू द्या, आणि ढकलली असेल तर तारखेसकट. सहीची पानं आधी गोळा करून ठेवली असतील तर ती कोणत्या मसुद्याची आहेत याची खूण प्रत्येक पानावर हवी. शेवटच्या रात्री मसुदा बदलतो आणि सह्या मात्र आदल्या मसुद्याच्या राहतात.

पैसे पाठवण्याआधी खातं तपासताना ईमेलमध्ये आलेल्या नंबरवर फोन करू नका. पहिल्या भेटीत लिहून घेतलेल्या नंबरवर करा. ‘बँक खातं बदललं आहे’ असा निरोप शेवटच्या दिवशी आला तर तो खोटा आहे असं धरून चाला. समोरच्याला राग आला तर येऊ द्या.

समोर बसलेला मालक हा खराच मालक आहे का, हाही प्रश्न आता दर महिन्याला पडावा असा झाला आहे. लंडनमधल्या एका घराच्या विक्रीत भामट्याने मालक असल्याची बतावणी केली आणि खरेदीदाराचे १० लाख पौंडांहून अधिक पैसे घेऊन तो नाहीसा झाला. २०१८ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने ड्रीमव्हार प्रकरणात खरेदीदाराच्या वकिलांनाही भरपाईतून सोडलं नाही. त्यांनी निष्काळजीपणा केला नव्हता, पण खरी विक्री झाल्याशिवाय विश्वासाने ठेवलेले पैसे पुढे द्यायचे नव्हते, आणि ते दिले गेले होते. आपली व्यावसायिक विम्याची पॉलिसी शेवटची कधी वाचली, हे त्या निकालानंतर अनेकांनी आठवून पाहिलं असेल.

त्यानंतरचे तीस दिवस आणि पुढची कित्येक वर्षं

पैसे सुटले की वकिलाचं लक्ष उडतं, आणि मुदती मात्र नेमक्या तेव्हाच सुरू होतात. कंपनीने दिलेला बोजा इंग्लंडमध्ये २१ दिवसांत आणि भारतात ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा असतो. उशीर झाला तर वाढीव मुदतीची किंवा न्यायालयाची वाट धरावी लागते. नोंद राहूनच गेली तर कंपनी बुडाल्यावर अवसायकापुढे, म्हणजे तिची देणीघेणी मिटवणाऱ्यापुढे, तुमची बँक बिनतारणाच्या रांगेत जाऊन बसते. अमेरिकेत जंगम तारणाची नोंद साधारणपणे पाच वर्षांनी संपते, मुदतीत नूतनीकरण केलं नाही तर कर्ज राहतं आणि तारणाचा अग्रक्रम जातो. म्हणून एक डायरी हवी, आणि ती एका माणसाच्या डोक्यात असून चालत नाही. तो माणूस नोकरी सोडतो.

कर्ज एका बँकेकडून दुसरीकडे विकलं जातं तेव्हा हस्तांतरणाचा कागद त्याच दिवशी, पूर्ण नावांसकट, करून घ्या. जानेवारी २०११ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने इबानेझ प्रकरणात दोन घरांचे लिलाव रद्द ठरवले, कारण लिलावाची नोटीस काढली त्या वेळी गहाण आपल्या नावावर आहे हे बँकांना दाखवता आलं नाही. हजारो कर्जांच्या गठ्ठ्यात ती कर्जं हातोहात फिरली होती, पण कागद मागेच राहिले होते.

मंदीचं काम नाकारू नका

बाजार चढता असतो तेव्हा सगळ्यांना नवी कर्जं करायची असतात. कर्जं बुडायला लागली की तेच वकील रिकामे बसतात. अमेरिकेत बचत आणि कर्ज संस्था कोसळल्यावर १९८९ मध्ये सरकारने रेझोल्यूशन ट्रस्ट कॉर्पोरेशन स्थापन केलं. १९९५ मध्ये ते बंद होईपर्यंत ७४७ संस्थांची मालमत्ता आणि कर्जं त्याने निकाली काढली. त्या ढिगाऱ्यात काम केलेल्या वकिलांची एक पिढी पुढे उत्तम करार लिहू लागली, कारण वाईट करार कसे फुटतात ते तिने जवळून पाहिलं होतं. संधी मिळाली तर पहिल्या दहा वर्षांत किमान दोन वर्षं बुडीत कर्जांवर घालवा.

अशी फाइल हातात आली की पहिल्या आठवड्यात नोटीस काढू नका. आधी आपलीच फाइल शत्रूच्या नजरेने वाचा: सही राहिलेली, नोंद चुकलेली, विम्याची मुदत संपलेली, हमीपत्रात नाव चुकलेलं. आपली भोकं माहीत नसताना वाटाघाटीला बसणं म्हणजे स्वतःचे पत्ते न बघता खेळणं. काही भोकं मुदतवाढीच्या बदल्यात बुजवून घेता येतात, कारण त्या क्षणी कर्जदाराला वेळ हवा असतो आणि तो बऱ्याच सह्या करायला तयार असतो.

पुढचं काम तोंडं आवरण्याचं. बँकेचा अधिकारी फोनवर सहज म्हणून जातो, ‘बघू, सहा महिने काढू.’ न्यायालयात ते वचन म्हणून उभं राहू शकतं. बोलणी सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी लेखी मान्य करावं की सही होईपर्यंत कुठलीच गोष्ट बंधनकारक नाही आणि उशिरा आलेला हप्ता स्वीकारला म्हणून बँकेने हक्क सोडलेला नाही. मग पर्याय मांडा: मुदतवाढ, हप्त्यांची फेररचना, जादा तारण, संमतीने मालमत्तेचा ताबा, कर्जाची विक्री, आणि शेवटी जप्ती-लिलाव. प्रत्येकापुढे किती महिने लागतील आणि अंदाजे किती वसूल होईल ते लिहा. भारतात २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयाबाहेर तारणावर कारवाई करायची मुभा दिली आहे, तरीही नोटिशीतली एक चूक ते ६० दिवस कितीतरी लांबवू शकते. गहाण सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क कायद्याने फार जपलेला आहे, तो कराराने सहज पुसता येत नाही. बँकेच्या अधिकाऱ्याला हे आवडत नाही. तरी सांगा.

कर्जदाराच्या बाजूने असाल तर याच्या उलट: पहिल्याच आठवड्यात फोन करा. हप्ता चुकण्याआधी आलेल्या कर्जदाराशी बँका वेगळं वागतात.

कुठे बसायचं

मोठी फर्म, बँकेचा विधी विभाग, की स्वतःचं कार्यालय? याचं सरसकट उत्तर माझ्याकडे नाही. बँकेत दोन-तीन वर्षं काढलेली असतील तर कर्जमंजुरीची टिपणं कशी लिहितात आणि निर्णय खरा कोण घेतो ते कळतं, आणि बाहेर आल्यावर त्याचा रोज उपयोग होतो. कारकिर्दीत दोन्ही बाजूंनी काम केलेलं असावं. एकाच व्यवहारात मात्र नाही. ‘दोघांचं तुम्हीच बघा, खर्च वाचेल’ असं दोन्ही पक्ष आग्रहाने म्हणाले तरीही नाही. उद्या ते भांडले की दोघेही तुमच्याविरुद्ध साक्ष देतील.

दहा-पंधरा वर्षांनंतर

आता तुमच्याकडे मसुद्यासाठी कुणी येत नाही. येतात ते ‘हे करू का?’ विचारायला. उत्तर अर्ध्या पानात द्या: काय धोका आहे, घडण्याची शक्यता किती, घडलं तर किती नुकसान, आणि मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. ते शेवटचं वाक्य लिहायला वकील कचरतात, आणि ग्राहक पैसे नेमके त्याच वाक्याचे देतो. प्रत्येक कलमावर भांडू नका. ज्या तीन-चार कलमांनी खरोखर पैसे जाऊ शकतात ती धरून ठेवा, बाकीची सोडताना मोठेपणाने सोडा.

वाचणं थांबवू नका. लायबोर हा व्याजदराचा मापदंड जगभरच्या करारांत इतकी वर्षं होता की तो बंद पडेल असं बहुतेकांनी धरलंच नव्हतं. ‘लायबोर उपलब्ध नसेल तर’ या कलमात एखाद-दोन दिवसांच्या अडचणीचा विचार असे. २०१७ मध्ये ब्रिटिश नियामकाने त्याचा शेवट सूचित केला, आणि डॉलरमधले त्याचे मुख्य दर ३० जून २०२३ नंतर थांबले. ज्यांनी वेळेत जुने करार काढून ते एक कलम तपासलं, त्यांच्याकडे दोन-तीन वर्षं पुरेल इतकं काम आलं. पुढचं असं कलम कोणतं, हे अधूनमधून स्वतःच्या जुन्या करारांत शोधत जा.

कनिष्ठांना शिकवायचं तर फेडलेल्या कर्जांच्या फायली द्या. बोजा उतरवताना जो सगळे कागद मागे-मागे जुळवतो, त्याला नवा बोजा चढवताना काय लागतं ते आपोआप कळतं. शिवाय ते काम कुणाला करायचं नसतं, त्यामुळे फाइल त्याच्या एकट्याच्या ताब्यात राहते.

आणि प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एक टिपण ठेवा. व्यवहार एका परिच्छेदात, तारणांची यादी, पुढच्या मुदती, आपण कोणते मुद्दे सोडले, का सोडले, आणि सोडायला कुणी कोणत्या तारखेला संमती दिली. दहा वर्षांनी ती फाइल परत येईल तेव्हा त्या खोलीत बसलेलं कुणीच तिथे नसेल, कदाचित तुम्हीही नसाल. हे टिपण लिहायला वीस मिनिटं लागतात. ते क्लोजिंगच्या संध्याकाळीच लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी टेबलावर नवी फाइल आलेली असते.